पिशवीतली मुळं

रोप दिसायला देखणं होतं. माझ्या छातीपर्यंत उंच, खोड सरळ, पानं गडद हिरवी. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात ते तीन वर्षं उभं होतं आणि लावायला म्हणून मी नेमकं तेच उचललं. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, आडवं केलं आणि काळी पिशवी ब्लेडनं उभी चिरून सोलून काढली. आत माती जवळजवळ दिसतच नव्हती. नुसती मुळं. एकमेकांत गुंतलेली, पिशवीच्या गोलाईबरोबर वळलेली, तळाशी तर दोरीच्या वेटोळ्यासारखी गुंडाळत गेलेली. पिशवी निघाली तरी त्या गठ्ठ्यानं पिशवीचा आकार सोडला नाही.

"ताई, हे आता जमिनीत ठेवलं तरी गोलच फिरणार," काका म्हणाले. "पिशवी गेली हे मुळांना कळत नाही."

मी वाफ्याच्या कडेला बसून राहिले. काका रोपाबद्दल बोलत होते, पण माझ्या मनात माझ्या कपाटातल्या अकरा वह्या आल्या होत्या.

त्या वह्यांची सुरुवात त्याच्या चार वर्षं आधीची. एका दवाखान्यात मी माझ्या कामासाठी बाकावर बसले होते. शेजारी एक कर्णबधिर बाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीला ऐकू येत होतं. डॉक्टर बाहेर येऊन उभ्याउभ्याच बोलत होते आणि मुलगी ते हातांनी आईला सांगत होती. मग डॉक्टर एक वाक्य बोलले आणि मुलीचे हात हवेतच थांबले. आई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं मुलीनं एक लहानशी खूण केली. डॉक्टर जे बोलले होते ते एवढ्या लहान खुणेत मावणारं नव्हतं. आईला काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही. मुलीला मात्र सगळं कळलं होतं आणि ते तिच्याजवळच राहिलं.

सांकेतिक भाषा शिकायची आणि दुभाषी व्हायचं, हे मी त्याच रात्री ठरवलं. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

शिकले मी मनापासून. व्हिडिओ बघितले, वह्या भरल्या, दोन अभ्यासक्रम पुरे केले. हो किंवा नाही असं उत्तर हवं असेल तर भुवया वर जातात, तो प्रश्न चेहऱ्यावरच असतो, हातांवर नसतो, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आम्ही वापरतो त्या भाषेत 'कुठे', 'कधी', 'का' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, तेही घोटून घोटून बसवलं. रोज रात्री आरशासमोर तासभर सराव. पण या चार वर्षांत एकाही कर्णबधिर माणसाशी मी बोलले नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "अजून तयारी चालू आहे." मला ते खरंच वाटायचं.

आरशाशेजारी मी एक कागद चिकटवला होता. बांबूची ती गोष्ट अनेकांनी ऐकली असेल: बांबूचं बी पेरल्यावर चार वर्षं जमिनीवर काहीच दिसत नाही, माणूस पाणी घालत राहतो, आणि पाचव्या वर्षी काही आठवड्यांत बांबू आभाळाला भिडतो. चार वर्षं तो खाली मुळं पसरत असतो म्हणे. मला ही गोष्ट फार आवडायची. ती मला धीर द्यायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आरशासमोरून हलायची गरज नाही असंही सांगायची.

रोपवाटिकेत मी आले ती केवळ रविवारी सकाळी मोकळ्या हवेत काहीतरी करावं म्हणून. पिशव्या भरायला, झारीनं पाणी घालायला, तण काढायला माणसं हवी होती. झाडांविषयी मला काही कळत नव्हतं. शाळेत झाडाचं चित्र काढताना खाली तीन रेघा ओढल्या की मुळं झाली, एवढीच माझी ओळख.

त्या दिवशी काकांनी पुढे जे केलं ते बघवत नव्हतं. मुळांच्या गठ्ठ्याचा तळ, ते सगळं वेटोळं, त्यांनी सरळ कापून टाकलं. मग बाजूंनी वरपासून खालपर्यंत चार उभे छेद दिले. मी म्हणाले, "काका, मरेल ना ते."

"असंच लावलं तर आज मरणार नाही. दहा-पंधरा वर्षांनी मरेल," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. गोल फिरलेलं मूळ वर्षागणिक जाड होत जातं, खोडही जाड होत जातं, आणि एक दिवस मूळच खोडाला फास लावतं. सालीखालून पानांचं अन्न मुळांकडे जातं, ती वाट आवळली जाते. वरून झाड बराच काळ हिरवं दिसतं. मग एखाद्या वाऱ्यात ते मुळापाशीच मोडून पडतं आणि लोक म्हणतात, एवढं मोठं झाड अचानक कसं पडलं. छेद दिला की कापलेल्या टोकांजवळून नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेनं जातात.

ते रोप आम्ही कुंपणापाशी लावलं. खड्डा मी खणला. जिथे खोड संपून मूळ सुरू होतं ती जागा मातीच्या पातळीला यावी, खाली पुरली जाऊ नये, हे काकांनी तीनदा तपासलं. घरी आल्यावर मी वह्या काढून बघितल्या. पहिल्या वहीतली वाक्यं सहाव्या वहीत होती, सहाव्या वहीतली दहाव्या वहीत. अक्षर सुधारलं होतं, बाकी सगळं तेच ते. मी गोल फिरत होते.

हे कळलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी उठून लोकांत गेले असं झालं नाही. त्यानंतरही सात-आठ महिने गेले. त्या महिन्यांत मी रविवार चुकवला नाही, आणि झाडांनी माझ्या डोक्यातल्या झाडांच्या कल्पना एकेक करून मोडल्या.

पहिली मोडली ती बियांची. बी म्हणजे वाट बघणारी गोष्ट, योग्य वेळ आली की आपोआप उगवणार, असं मला वाटायचं. बहाव्याच्या शेंगा फोडून बिया काढल्या होत्या. चपट्या, तपकिरी, गुळगुळीत. काकांनी चाळीस बिया मोजून दिल्या. वीस बियांचं एक टोक नेलकटरनं अगदी किंचित कापायला सांगितलं, तेही अंकुर निघतो ती बाजू सोडून. उरलेल्या वीस तशाच. दोन वाट्यांत पाणी घालून ठेवल्या. सकाळी कापलेल्या बिया फुगून जवळपास दुप्पट झाल्या होत्या. दुसऱ्या वाटीत खडे होते. काल जसे टाकले तसेच, आतून कोरडे.

मी त्या दोन वाट्या कितीतरी वेळ बघत बसले. दुसऱ्या वाटीतल्या बियांमध्ये उणं काहीच नव्हतं. आत इवलंसं झाड होतं, त्याला पहिले काही दिवस पुरेल इतकं अन्न होतं. फक्त कवच इतकं घट्ट होतं की पाणी आत शिरत नव्हतं. जंगलात हे काम पोटातून बी नेणारी जनावरं करतात, ऊन-पाऊस करतात, मातीतले जीव करतात. कवचाला कुठेतरी ओरखडा पडावा लागतो.

इथे एक सांगायला हवं. दुःखानं माणूस घडतो, घाव सोसल्याशिवाय काही मिळत नाही, असं जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. त्या दिवशी माझ्या हातून दोन बिया जास्त खोल कापल्या गेल्या. त्या फुगल्या, पांढुरक्या झाल्या आणि कुजल्या. बीला घाव नको असतो. पाणी आत जाईल एवढी फट हवी असते, तेवढीच.

दुसरी कल्पना मोडली बांबूची, आणि ती मोडताना मला फार त्रास झाला. एका सकाळी मी मोठ्या उत्साहानं काकांना ती गोष्ट सांगितली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग उठले आणि मला बांबूच्या ट्रेपाशी घेऊन गेले. दोन महिन्यांपूर्वी पेरलेलं बी होतं. ट्रेभर गवतासारखी बारीक पाती उभी होती. बांबू गवताच्याच कुळातला, तेव्हा तसं दिसणं साहजिकच. शेजारी वर्षाची रोपं होती: पहिला कोंब सुतासारखा, त्यानंतरचा काडीइतका, त्यानंतरचा पेन्सिलीइतका. प्रत्येक नवा कोंब आधीच्यापेक्षा थोडा जाड.

"कुठे लपलाय हा चार वर्षं?" काकांनी विचारलं. "पहिल्या महिन्यापासून वर आहे."

मग मी वाचून काढलं. बांबूचा नवा कोंब जमिनीतून येतानाच आपली जाडी घेऊन येतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, हे खरं आहे. पण जमिनीखालच्या कंदात त्याच्यासाठी जे अन्न साठलेलं असतं ते येतं कुठून? आधीच्या वर्षांच्या बारीक, वाकड्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या कोंबांच्या पानांतून. बीमधली शिदोरी थोड्या दिवसांची. ती संपली की मुळाला जे मिळतं ते पानांकडूनच. वर उन्हात पान नसेल तर खाली मूळ वाढूच शकत नाही.

मला राग आला. गोष्टीचा नव्हे, त्या गोष्टीच्या आधारानं मी घालवलेल्या वर्षांचा. मला वाटत होतं की आधी खाली सगळी तयारी करायची आणि मग वर यायचं. खऱ्या झाडांत असा क्रम नाहीच. अंकुरताना मूळ आधी बाहेर येतं, ते थोड्या दिवसांपुरतं. त्यानंतर बारीकसं पान मुळाला खाऊ घालतं, मूळ पानाला पाणी देतं, आणि दोघं एकमेकांच्या जिवावर वाढतात. मी वर्षानुवर्षं पान न उघडता मूळ वाढवायला निघाले होते. आरशाशेजारचा कागद मी त्या रात्री काढला.

कर्णबधिर मंडळींचा एक गट दर शनिवारी संध्याकाळी जमतो हे मला आधीपासून माहीत होतं. पत्ताही वहीत लिहिलेला होता. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून आत पाऊल टाकलं आणि कळलं की मला काही येत नाही. आरशासमोर मी फक्त बोलायला शिकले होते. समोरच्याचे हात वाचायला मी शिकलेच नव्हते. सात-आठ जण एकाच वेळी बोलत होते. हात, भुवया, खांदे, गाल, सगळं एकदम. मला तुटक काही खुणा कळल्या, 'काल', 'भाऊ', 'उशीर'. एका बाईनं माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. मी तिला पुन्हा विचारायला सांगितलं. तिनं सावकाश विचारलं. तरी कळलं नाही. तिनं हसून माझा खांदा थोपटला आणि ती दुसरीकडे वळली. वीस मिनिटांत मी बाहेर पडले.

त्या आठवड्यात रोपवाटिकेत रोपं जाळीखालून बाहेर काढायचं काम चालू होतं. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात आणलं की त्याची पानं करपतात. म्हणून आधी सकाळचं ऊन, मग अर्धा दिवस, पाण्याच्या पाळ्याही हळूहळू लांबवायच्या. याला काका 'रोप कणखर करणं' म्हणतात. एवढी काळजी घेऊनही बऱ्याच रोपांची जुनी पानं पिवळी पडून गळत होती. मी काळजीनं दाखवलं तर ते म्हणाले, "ती सावलीची पानं आहेत. नवी येतील ती उन्हाची असतील." आणि खरंच, दोन-तीन आठवड्यांनी आलेली पानं आकारानं लहान, पण बोटांना जाड लागत होती. जुनी पानं काही पुन्हा हिरवी झाली नाहीत.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. चाळीस मिनिटं थांबले. त्याच्या पुढच्या शनिवारी तासभर.

घरी येऊन मी दर वेळी गळून जायची. इथे मला साल या नावाचं जंगली झाड आठवायचं. सालाच्या रोपाबद्दल मी वाचलं तेव्हा आधी विश्वास बसला नव्हता. जंगलात सालाचं बी उगवतं, रोप वर येतं, आणि दुष्काळ, थंडी, वणवा, चरणारी जनावरं यांनी ते जमिनीपर्यंत वाळून जातं. पुढच्या वर्षी त्याच मुळातून पुन्हा फुटतं, पुन्हा वाळतं. असं कित्येक वर्षं चालू राहू शकतं. बघणाऱ्याला दर वर्षी तेच बोटभर रोप दिसतं. पण दर हंगामात त्या चार पानांनी थोडं अन्न खाली पाठवलेलं असतं, मूळ दर वर्षी जाड होत असतं, आणि एका वर्षी जो कोंब येतो तो मग वाळत नाही. बांबूच्या गोष्टीत जे ऐकायला मला आवडायचं त्याच्या जवळचं खरं काही असेल तर ते हे आहे. फरक एवढाच, आणि तो मला फार मोठा वाटतो, की साल लपून बसत नाही. तो दर वर्षी वर येतो आणि दर वर्षी वाळतो.

मी जवळजवळ दीड वर्ष शनिवारी जाऊन वाळून परत येत होते.

तिथल्या लोकांनी मला काय दिलं ते सांगायला लागले तर हे लिखाण संपणार नाही. ज्या बाईनं पहिल्या दिवशी माझा खांदा थोपटला होता तिनं मला झाडाची खूण दाखवली. एक हात आडवा, त्यावर दुसऱ्या हाताचं कोपर टेकवायचं, पुढचा हात सरळ उभा आणि बोटं पसरलेली. मनगट हललं की वारा. मी आरशासमोर हीच खूण शेकडो वेळा केली होती, पण आडवा हात कशाला हे कधी मनात आलं नव्हतं. तिनं त्या आडव्या हातावर हळूच टिचकी मारली आणि सांगितलं, ही जमीन. ही नीट धर, नाहीतर झाड हवेत राहतं.

तिथल्या रिवाजाप्रमाणे खुणेचं नाव आपण स्वतः घ्यायचं नसतं, ते कर्णबधिर मंडळी देतात. माझ्या नावाला सात महिने लागले. मी रविवारी मातीत काम करायची आणि कितीही धुतलं तरी नखांत काळी रेघ राहायची. एका आजोबांनी ती बघितली आणि अंगठ्यानं बोटाच्या नखावर घासल्याची खूण केली. सगळ्यांनी ती लगेच उचलली. आजही मी तिथे त्याच नावानं ओळखली जाते.

मुळांविषयीची माझी तिसरी समजूत याच काळात गेली. झाड वर जेवढं तेवढंच खाली, फांद्यांचं उलटं प्रतिबिंब म्हणजे मुळं, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. रोपवाटिकेच्या मागे पाइपसाठी चर खणला तेव्हा एका मोठ्या झाडाची मुळं उघडी पडली. झाड चराच्या इतकं लांब होतं की आधी ती मुळं त्याची असतील असं वाटलंच नाही. गुडघाभर खोलीवरच सगळी पसरली होती. बहुतेक मोठ्या झाडांचं असंच असतं. मुळांचा बराचसा भाग वरच्या मीटरभर मातीत, आणि पसारा मात्र फांद्यांच्या घेराच्या कितीतरी पलीकडे. सोटमूळ लहानपणी झाडाला उभं करतं, पुढे झाड आडव्या मुळांच्या जिवावर तगतं.

एकटीनं खोल खोल जाणं म्हणजे तयारी, असं मी धरून चालले होते. दीड वर्षात मी फारशी खोल गेले नाही. आडवी पसरले. कुणाच्या घरी बारशाला, कुणाबरोबर बँकेत, कुणाच्या मुलाच्या अभ्यासाला. भाषा तिथे आली.

आता वाऱ्याबद्दल. नव्या रोपांना आम्ही काठ्या बांधायचो आणि मला वाटायचं जेवढं घट्ट तेवढं चांगलं. काकांनी माझ्या गाठी सोडवल्या. सुतळी सैल, खोड हललं पाहिजे, आणि शक्यतो वर्षभरात काठी काढायची. घट्ट बांधलेलं रोप उंच जातं, पण बुंध्याशी बारीक राहतं. काठी काढली की वाकतं. यामागचं कारण शोधताना जाफ नावाच्या अमेरिकी संशोधकाचं काम सापडलं. त्यांनी रोपांची खोडं रोज काही सेकंद नुसती चोळली. चोळलेली रोपं न चोळलेल्यांपेक्षा बुटकी आणि दणकट झाली. स्पर्शानं बदलणाऱ्या या वाढीला त्यांनी १९७३ मध्ये नाव दिलं. मला यातलं 'रोज' आणि 'काही सेकंद' महत्त्वाचं वाटतं. वादळं झाडाला मजबूत करतात असं म्हणतात, पण वादळात झाडं मोडतात, ती मी उचलली आहेत. बुंधा जाड होतो तो रोजच्या वाऱ्यानं.

माझी काठी म्हणजे एक अनुभवी दुभाषी ताई. पहिलं वर्ष मी फक्त तिच्याबरोबर गेले. आमच्या कामात लांब बैठक असली की दोघी लागतात, कारण पंधरा-वीस मिनिटांनंतर मेंदू थकतो आणि चुका वाढतात. म्हणून पाळीपाळीनं काम करायचं. ती बोलत असताना मी बघायची, मी करत असताना ती. ती मला हलू द्यायची. मी एखाद्या वाक्यात अडखळले तर लगेच मध्ये पडायची नाही, दोन श्वास थांबायची.

तशाच एका बैठकीत माझ्या हातून चूक झाली. कागदपत्रं देण्याची मुदत सांगितली जात होती, पंधरा दिवस. मी पन्नास सांगितले. कान, हात, दोन्ही मला त्या क्षणी बरोबरच वाटत होते. ताईनं माझ्या गुडघ्याला स्पर्श केला आणि मी थांबले. अशा वेळी नियम एकच आहे: चूक आपली आहे हे दोन्ही बाजूंना तिथल्या तिथे सांगायचं आणि दुरुस्त करायचं. मी सांगितलं. समोरच्या माणसानं माझ्याकडे जसं बघितलं ते अजून आठवतं. त्याचे पस्तीस दिवस माझ्या हातात होते.

महिनाभर मी काम घेतलं नाही. रोपवाटिकेत मात्र जात राहिले. तिथे एका पडलेल्या झाडाचे ओंडके कापले जात होते आणि एका ओंडक्यात आत, मध्याजवळ, काळा डाग होता. बाहेर सालीवर काहीही नव्हतं. कधीतरी लहानपणी फांदी तुटली असेल. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणारे ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हेच बघितलं होतं. त्यांचं म्हणणं, झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. खराब झालेला भाग पुन्हा चांगला होत नाही, झाड त्याच्याभोवती भिंती घालतं, कूज पुढे सरकू नये म्हणून, आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. जखम आत तशीच राहते.

हे वाचून मला बरं वाटलं, असं बरं की जे कुणी 'विसरून जा' म्हणाल्यानं वाटलं नव्हतं. मी विसरले नाही. तेव्हापासून आकडा आला की मी तो आधी कागदावर लिहिते, समोरच्याला दाखवते, मग हातानं सांगते. माझ्या कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर पंधरा हा आकडा आहे. तेवढीच माझी भिंत.

कुंपणापाशी लावलेल्या त्या रोपाचं काय झालं ते सांगते. पहिल्या वर्षी ते वर एक बोटही वाढलं नाही. उन्हाळ्यात सगळी पानं गळाली आणि मी ते मेलं असंच धरलं. काकांनी नखानं खोडाची साल किंचित खरवडायला सांगितली. खरवडली. खाली ओली हिरवी रेघ. "आहे जीव," ते म्हणाले आणि पुढे निघून गेले. मग मी पाणी द्यायची पद्धत बदलली. रोज थोडं थोडं देत होते, ते सोडून आठवड्यातून एकदा, पण सावकाश, खोलवर मुरेल असं. रोज शिंपडलेलं पाणी मुळांना वरच अडकवून ठेवतं. दुसऱ्या पावसाळ्यात शेंड्याला फूट आली. तिसऱ्या वर्षी आम्ही काठी काढली. ते थोडं झुकलं, दोन दिवसांनी सावरलं. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. आतली मुळं कशी आहेत ते मला दिसत नाही, खणून बघायचीही नाहीत. पण जोराचा वारा येतो तेव्हा मी बुंध्याला हात लावून बघते आणि माती हलत नाही.

आज मंगळवार. सकाळी सातला जाऊन त्याच्या आळ्यात वाळलेल्या पाल्याचा थर पसरला, तण उपटलं. अकराला दवाखान्यात पोहोचायचं आहे. कुणासाठी, कशासाठी ते सांगायची मला मुभा नाही. एवढंच सांगते की एक आई आहे आणि तिला एक मूल आहे. मूल बरोबर नको, त्याला शाळेत पाठवा, असा निरोप मी कालच धाडला आहे.

गडद, साधा सदरा काढून ठेवला आहे, हात त्यावर नीट दिसावेत म्हणून. नखांतली माती अजून निघालेली नाही. मोरीत बसून जुन्या ब्रशनं एकेक बोट घासते आहे.